घोडी खाप्याला नेली ते वर्ष

माझ्या नवऱ्याचा हात थरथरताना मी पहिल्यांदा पाहिला तो गाडीच्या स्टिअरिंगवर. मागे ट्रेलर जोडलेला होता, ट्रेलरमध्ये घोडा होता आणि आम्ही भंडारा रोडने परत येत होतो. मला वाटलं, गाडीच हादरते आहे. त्यालाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने गाडी कडेला घेतली, उतरून चाकं पाहिली, हुक पाहिला, साखळ्या ओढून पाहिल्या. सगळं जागच्या जागी होतं. परत येऊन बसला आणि हात मांडीवर ठेवला, तर तो मांडीवरही हलत होता. आम्ही दोघं त्या हाताकडे पाहत बसलो, जणू तो तिसऱ्याच कुणाचा होता.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. बरा होत नाही, लांबवता येतो, असं म्हणाले.

नवरा घोडेस्वारी शिकवायचा. कळमन्याच्या पुढे, शहर जिथे तेव्हा संपत असे तिथे, भाड्याच्या जमिनीवर त्याने पत्र्याच्या पागा बांधल्या होत्या आणि पुढे वाळूचं गोल रिंगण केलं होतं. शहरातली मुलं सकाळी यायची. मी सरकारी कचेरीत नोकरीला. संध्याकाळी तिकडे जायची, गाजरं खाऊ घालायची आणि शेणाच्या वासासकट त्याला घरी आणायची. माझा घोड्यांशी संबंध तेवढाच. मी बौद्ध घरातली, तो सावनेरकडच्या कुणब्यांचा. लग्न आम्ही आमचंच ठरवलं, त्यामुळे दोन्हीकडची माणसं हळूहळू लांबली. मूल झालं नाही. आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायचो आणि भांडणं झाली तर समजूत घालायला कुणी नसल्यामुळे ती आपोआपच मिटायची.

आजार वाढत गेला तशी मुलं येईनाशी झाली. हात थरथरणाऱ्या माणसाला कोण आपलं पोर घोड्यावर बसवू देईल? घोडे एकेक करून दुसरीकडे गेले. ट्रेलर ओढायची मोठी पिकअप गेली. शेवटी जमीनमालकाने येऊन सांगितलं की तिथे प्लॉटचा लेआउट पडणार आहे, दिवाळीनंतर जागा मोकळी करा. तेव्हा पागेत एकच जनावर उरलं होतं: तांबूस रंगाची एक घोडी. शिंगरू असल्यापासून तिला त्यानेच वळण लावलं होतं. ती त्याच्या आवाजावर थांबायची, चालायची. लगाम लागायचा नाही.

तिला ठेवायचं कुठे? आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. नवऱ्याचा एक जुना मित्र होता; दोघांनी तरुणपणी एकाच पागेत काम केलेलं. तो आता खाप्याजवळ कन्हानच्या काठी संत्र्याची शेती करत होता. त्याच्याकडे एक म्हातारा घोडा होता. फोनवर तो म्हणाला, "आणून सोड गा माह्याकडे. दोघं राहतीन सोबतीनं. तू ये कधी बी पाह्याले."

नवरा "बरं" म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

मी म्हटलं, भाड्याचा ट्रक करू. तो एकदम चिडला. ट्रकच्या फळीवरून चढताना पाय मोडलेला घोडा त्याने पाहिला होता. तो आवाज अजून कानात आहे म्हणाला. ट्रेलर आपला आहे, त्यातूनच न्यायची. पण ओढायला आता आमच्याकडे फक्त एक छोटी जीप होती, फोर-बाय-फोर, पण आखूड आणि हलकी. आणि चालवणार कोण, हा प्रश्न त्याने विचारलाच नाही. माझ्याकडे पाहिलं फक्त.

"मी?" मी म्हटलं. "मी स्कूटर चालवते गा. जीप दोनदा चालवली आहे."

"मी सांगतो नं तुले," तो म्हणाला.

त्या महिन्यात त्याने मला जे शिकवलं तेवढं आमच्या सगळ्या संसारात शिकवलं नसेल. सुरुवात ट्रेलरच्या तळापासून झाली. आतली रबरी चटई उचलायला लावली आणि पेचकस घेऊन फळ्यांना टोचत जायला सांगितलं. वरून धडधाकट दिसणाऱ्या दोन फळ्यांत पेचकस लोण्यात जावा तसा आत गेला. घोड्याच्या मुताने लाकूड आतून कुजतं. धावत्या गाडीत फळी तुटली तर पाय सरळ रस्त्यावर. लकडगंजच्या लाकडाच्या टालावरून आम्ही सागाच्या फळ्या आणल्या. सुताराने त्या बसवल्या तेव्हा नवरा बाजूला खुर्चीवर बसून प्रत्येक बोल्ट मला हाताने ओढून पाहायला लावत होता. त्याच्या स्वतःच्या हातांना आता तो अंदाज राहिला नव्हता.

मग जीप. मी समजत होते की फोर-बाय-फोर आहे म्हणजे काळजी नाही. तो म्हणाला, "फोर-बाय-फोर ओढाले कामी येते वं, थांबवाले नाही. चिखलात टाक, गवतात टाक. डांबरी रस्त्यावर टाकशीन तर गिअर धरून बसंन." मग त्याने मला खरी भीती सांगितली. गाडी जड आणि मागचं ओझं हलकं असलं तर गाडी मालक असते. आमची जीप इतकी हलकी की भरलेला ट्रेलर जवळजवळ तिच्याच वजनाचा. तो जर झुलायला लागला तर शेपूटच कुत्र्याला हलवेल.

ट्रेलरमध्ये वाळूची पोती भरून आम्ही बाहेरच्या रिंगरोडवर सरावाला जायचो, रहदारी कमी असे तेव्हा. वळण घेताना किती बाहेरून घ्यायचं, पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं, ब्रेक कसा आधीपासून हळूहळू दाबायचा. मागे घेणं तर मला कितीतरी दिवस जमेना. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे. मी वैतागून इंजिन बंद करायची. तो म्हणायचा, हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धर, ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडे हात ने, बस. ते एकदा कळलं आणि मग सुटलं नाही.

एका सकाळी ट्रेलर झुलला. पोती मागच्या बाजूला सरकली होती. आधी नुसती एक डुलकी, मग दुसरी मोठी, मग जीपचाच मागचा भाग डावी-उजवीकडे फेकला जायला लागला. माझा पाय ब्रेककडे गेला.

"ब्रेक नको मारू!" तो ओरडला. "पाय काढ. अॅक्सिलेटरवरचा पाय काढ. हात सरळ ठेव. काही करू नको."

काही न करणं हे इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. गाडी आपली आपण मंदावली, झुलणं लहान होत गेलं आणि थांबलं. मी कडेला गाडी लावून रडले. तो म्हणाला, "जमलं नं तुले." त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात थरथरत होता आणि माझी पाठही. पोती पुढे ओढून घेतल्यावर तोच ट्रेलर त्याच रस्त्यावर गाईसारखा मागे आला.

घोडी पहिल्यांदा आत घेतली त्या दिवशी आम्ही तिला कळमन्याच्या धरमकाट्यावर वजन करायला नेलं. संत्र्याच्या गाड्यांच्या रांगेत आमची जीप उभी. काट्यावरच्या माणसाने खिडकीतून विचारलं, "माल काय आहे?" मी म्हटलं, घोडी. तो खुर्चीतून उठून बाहेर आला. नवरा मात्र गंभीर होता. भरलेला ट्रेलर जीपपेक्षा कमी भरला, पण जेमतेम. "मंग आत दुसरं काही जाणार नाही," त्याने ठरवलं. "खोगीर जीपमध्ये. पाण्याचा कॅन जीपमध्ये. गवताची जाळी तेवढी तिच्या तोंडापाशी." ट्रेलर दोन घोड्यांचा होता, एकच न्यायची तर तिला उजव्या, ड्रायव्हरच्या बाजूच्या खणात उभी करायची, कारण आपला रस्ता डावीकडे उतरता असतो आणि भार तिकडे गेला तर चाक कच्च्यात ओढतं. हे सगळं तो मला सांगायचा तेव्हा त्याचा आवाज पूर्वीसारखा असायचा. आजाराने त्याचा आवाज बसत चालला होता, पण ट्रेलरचं बोलताना नाही. म्हणून मी काही गोष्टी कळूनही पुन्हा पुन्हा विचारायची.

दिवाळी झाली आणि आम्ही निघालो.

सकाळची थंडी होती. तिच्या पायांना पट्ट्या बांधल्या. आतल्या कडीत सुतळी अडकवून ठेवली; तिची दोरी थेट कडीला नाही, त्या सुतळीला बांधायची. घोडी घाबरून मागे रेटली तर सुतळी तुटावी, मान नव्हे. नवरा तिच्या तोंडापाशी उभा राहून काहीतरी पुटपुटला आणि ती त्याच्या मागे फळीवरून खटखट चढून आत गेली.

कोराडीपर्यंत सगळं ठीक. त्यापुढे कोळशाचे ट्रक. प्रत्येक ट्रक ओलांडून जाताना आधी ट्रेलरला ढकलायचा आणि पुढे गेला की स्वतःकडे ओढायचा. आरशात ट्रकचं मोठं नाक दिसलं की मी आधीच वेग कमी करायची, हात सरळ. मागून हॉर्न वाजत होते. "वाजू दे," तो म्हणाला. "त्यायच्या मागं घोडी नाही." पाटणसावंगीजवळ आम्ही थांबलो, तिला पाणी दाखवलं, तिने नुसतं नाक बुडवलं. मी हुक, साखळ्या, टायर सगळं हात लावून पाहिलं. चाकाचा मधला भाग फार गरम तर नाही ना, तेही. त्याने जीपमधून विचारलं नाही. त्याचा माझ्यावर विश्वास बसला होता आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. त्याने स्वतः उतरून पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मित्राच्या शेताकडे जाणारी पांदण ओली होती. आदल्या दिवशी वाफ्यांना पाणी सोडलेलं आणि ते वाटेवर आलेलं. मी चारही चाकं जोडली, छोटा गिअर टाकला, पण थोडं आत गेल्यावर ट्रेलरची चाकं चिखलात बसायला लागली. मी थांबले. पुढे रेटत राहिलं तर ट्रेलर कलंडेल.

"उतरवून घेऊ," नवरा म्हणाला. "चालवत नेतो मी तिले."

मित्र समोरून येत होता. मी म्हटलं, ते नेतील. पण नवरा उतरलाच होता. आधी तिची दोरी सोडली, मग फळी टाकली, मग मागची आडवी दांडी काढली. हा क्रमही त्याने मला पाठ करून घेतला होता. घोडी मागे मागे येत उतरली, मान वर करून वास घेतला.

दोरी हातात घेऊन नवरा चार पावलं गेला आणि थांबला.

हे त्याला अलीकडे होत होतं. घराच्या दारात, लिफ्टसमोर, चालता चालता पाय जमिनीला चिकटायचे. पुढे झुकायचा, पण पाऊल उचलायचं नाही. आता तो पांदणीच्या मध्ये तसाच उभा होता, चिखलाच्या कडेला, पुढे झुकलेला. मित्र जवळ आला. "भाऊ, काय झालं?" नवऱ्याचा चेहराही आजाराने कोरा होत चालला होता, पण डोळे माझ्याकडे वळले आणि त्या डोळ्यांतली लाज मी अजून विसरले नाही.

मी धावले. पण मी पोचायच्या आत घोडीने एक पाऊल टाकलं. दोरी ताणली गेली नाही, तिने ओढलं नाही. फक्त तिचा खूर पडला आणि त्याच्याबरोबर याचा पाय उचलला. तिने दुसरं टाकलं, यानेही. मग दोघं चालत गेली. संत्र्याच्या झाडांमधून, खूर आणि चप्पल एका ठेक्यात. नवरा इतक्या सरळ चालीने मी महिनोन्महिने चालताना पाहिला नव्हता. गोठ्यापाशी पोचेपर्यंत तो एकदाही अडला नाही.

मित्र माझ्याजवळ उभा राहून पाहत होता. "चालून राहिले नं चांगले," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. आणि मला कळलं की याला चालवणारी जी एक गोष्ट जगात उरली आहे ती मी महिनाभर शिकून, नीट, सांभाळून, एकही ओरखडा न येऊ देता इथे सोडायला आणली आहे.

रिकामा ट्रेलर आम्ही तिथेच ठेवला. फ्लॅटखाली त्याला जागा नव्हती.

हिवाळाभर आम्ही रविवारी खाप्याला जात राहिलो, नुसती जीप घेऊन. तो घोडीबरोबर बांधावरून चालायचा. आठवड्याचं चालणं तेवढंच. मित्राची बायको भाकर आणि झुणका करायची, संत्री सोलून द्यायची. उन्हाळ्यात ऊन फार म्हणून जाणं कमी झालं. मग त्याला गाडीत बसणंच सोसेना. मान गळून पडायची. पाऊस लागला तेव्हा तो बहुतेक वेळ पलंगावर असायचा आणि मी एकटी जाऊन घोडीचा फोटो काढून आणायची. तो फोटोकडे पाहून म्हणायचा, "वाळली वं." ती वाळली नव्हती. पण मी वाद घालत नसे.

श्रावणातल्या एका सकाळी मित्राचा फोन आला. घोडीच्या पोटात दुखतं आहे. लोळते आहे, घामाने निथळते आहे. गावातले जनावरांचे डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले, म्हणाले नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्या, इथे काही होणार नाही. "ट्रेलर आहे, वहिनी, पण ओढाले गाडी नाही. ट्रॅक्टरनं आणू का?"

मी म्हटलं, मी येते.

नवरा जागा होता. मी सांगितलं. तो उठून बसायला धडपडला. "मी येतो." शेजारच्या ताई त्याच्यापाशी येऊन बसल्या होत्या, त्यांनी त्याला धरलं. त्याने माझा हात पकडला आणि त्या बसलेल्या आवाजात एकेक शब्द म्हणाला, "घाई... नको करू. घाई केली... तर दोघी जासान."

मी गेले. हुक जोडला, साखळ्या आडव्या घातल्या, दिवे पाहिले, टायरमध्ये हवा भरली. हे करताना घोडी शेडमध्ये कण्हत होती आणि प्रत्येक गोष्ट मला गुन्ह्यासारखी वाटत होती. मित्र म्हणाला, "वहिनी, चालते नं, निघू." मी म्हटलं, नाही, टायर पाहू द्या. ती कशीबशी चढली. मित्र माझ्या शेजारी बसला.

पावसाने रस्ता ओला होता आणि मी सावकाश चालवत होते. पोटात आतडं पिळवटलेल्या जनावराला घेऊन सावकाश गाडी चालवणं म्हणजे काय ते मी सांगू शकत नाही. मोटारसायकली पुढे गेल्या. ऑटो पुढे गेले. मागून लाथांचे आवाज येत होते आणि प्रत्येक लाथेसरशी जीप हलत होती. मित्र सारखा मागे वळून पाहायचा. "जरा दाबा ना वहिनी." मी दाबलं नाही. एकदाच दाबलं, थोडंसं, आणि ट्रेलर लगेच डुलला. मी पाय काढला.

मग एक मोठा दणका झाला आणि लाथा थांबल्या.

मी दिवे लुकलुकते ठेवून कडेला थांबले. मित्र पुढच्या लहान दारातून आत डोकावला. "पडली," तो म्हणाला. "खाली पडली वहिनी. उभी नाही होऊन राहिली." मी त्याला आत जाऊ दिलं नाही, पडलेलं जनावर पाय झाडतं, माणूस दबून मरतो. त्याने बाहेरूनच हात घालून जीपमधल्या विळ्याने सुतळी कापली, तिची मान मोकळी केली. तिचा डोळा मला दिसला. शांत होता. ते पाहून मी समजले.

मागची फळी टाकून तिला तिथे रस्त्यावर उतरवायचं, ट्रकांच्या मध्ये, पावसात, आणि उतरवून करायचं काय? आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे होतो. एक ट्रक अंगावर पाणी उडवून गेला. मित्र रडत होता. मी म्हटलं, बसा.

आता तिचं सगळं वजन मागे पडलं होतं. तीच वाळूच्या पोत्यांची गोष्ट. सायकलच्या वेगापेक्षा थोडं जास्त गेलं असतं तर ट्रेलर झुलला असता. म्हणून मी आणखी हळू गेले. कोराडीच्या वीज केंद्राची धुरांडी दिसली आणि कितीतरी वेळ तिथेच राहिली. मागून आवाज येत नव्हता. मी आरशात पाहत होते, अंतर ठेवत होते, वळणं बाहेरून घेत होते, सिग्नलला आधीपासून मंदावत होते. जे जे शिकले ते सगळं केलं. एक चूक केली नाही. आणि प्रत्येक बरोबर गोष्टीगणिक ती मागे मरत होती.

दवाखान्याच्या आवारात शिरलो तेव्हा तिचा श्वास चालू होता. एक तरुण डॉक्टरीण धावत आली, आत वाकून तिने हिरड्या पाहिल्या, पोटाला नळी लावून ऐकलं. मग उभी राहिली. आतडं पिळलं आहे, म्हणाली, पहाटेच पिळलं असणार. तुम्ही उडत आला असता तरी काही झालं नसतं. तिला या हालांतून सोडवूया.

तिला वाटलं असेल, हे ऐकून मला बरं वाटेल. मला बरं वाटलं नाही. उडत आले असते तर काही झालं नसतं, सावकाश आले तरी काही झालं नाही. मग मी काय केलं तो सगळा रस्ता?

इंजेक्शन ट्रेलरमध्येच दिलं. मित्राने तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी फळीवर उभी होते, पावसात, माझ्या साडीच्या काठाला चिखल.

घरी आले तेव्हा दुपार झाली होती. ताई स्वयंपाकघरात गेल्या. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारायची गरज पडली नाही. मी पलंगाच्या कडेला बसले. तो म्हणाला, "गाडी डोलली का?"

"एकदाच. थोडीशी."

"मंग?"

"पाय काढला."

त्याने मान हलवली, का ती नुसतीच हलली, मला आता सांगता येणार नाही. "शिकली तू," तो म्हणाला. त्यानंतर त्याने तोंड भिंतीकडे केलं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही तो जेवला नाही.

घरी व्यायाम घ्यायला एक मुलगी येते. ती टाळ्या वाजवून ताल देते, मोबाइलवर टकटक आवाज लावते, जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवते. काही जणांना फार उपयोग होतो म्हणते. आधी तो दारापर्यंत जायचा. मग पलंगापासून खुर्चीपर्यंत. आता ती त्याचे पाय झोपल्या झोपल्याच वर-खाली करते. मी तिला घोडीचं काही सांगितलेलं नाही. सांगून ती काय करणार?

दिवाळीच्या सुमारास मित्र भेटायला आला होता. पिशवीभर संत्री घेऊन आला. खुर्ची ओढून पलंगाशेजारी बसला, पावसाचं बोलला, संत्र्याच्या फळगळीचं बोलला. म्हातारा घोडाही आता खात नाही म्हणाला आणि मग आपण हे काय बोललो असं वाटून पिशवीतली संत्री काढून ठेवायला लागला. नवऱ्याने डोळे उघडे ठेवले होते, पण ते मित्राकडे होते की खिडकीकडे, कळत नव्हतं. मी चहा केला. मित्राने तो बशीत ओतून घाईने प्यायला. निघताना दारात म्हणाला, "येत जाईन मी, वहिनी. भाऊले बरं वाटते."

त्यानंतर तो आलेला नाही. त्याला मी बोल लावत नाही. त्या खोलीत बसवत नाही कुणाला. मलाही बसवत नाही. पण मला दुसरी खोली कुठे आहे?